रीफ टँकमध्ये समुद्री एंजलफिश : आधी काय, नंतर काय

रीफ टँकसाठी, म्हणजे जिवंत कोरलं असलेल्या समुद्री टँकसाठी, एंजल घेणाऱ्यांचा क्रम साधारण ठरलेला असतो. दुकानात फ्लेम एंजल दिसतो, त्याच संध्याकाळी तो तीन महिन्यांच्या टँकमध्ये जातो, आठवड्याने झोअँथिड (बटणांसारखी मऊ कोरलं) मिटून बसतात, पंधरवड्यात माशाच्या अंगावर पांढरे ठिपके येतात आणि मग कोणतं औषध टाकायचं याची विचारपूस सुरू होते. तोवर फार उशीर झालेला असतो. ठिपक्यांवर चालणारं कॉपर (तांब्याचं औषध) कोरलांना मारतं आणि खडकांच्या कपारींत शिरलेला मासा हाती लागत नाही.

खाली हाच क्रम नीट लावला आहे. ‘रीफ-सेफ’ (कोरलांना त्रास न देणारा) या पाटीवर विसंबू नका. सहा महिने कोरलाकडे ढुंकूनही न बघणारा एंजल सातव्या महिन्यात चोच मारायला लागू शकतो. कोणता मासा, कोणती कोरलं, टँक किती मुरलेला, माशाचं पोट किती भरलेलं आणि वेळ आली तर तो बाहेर कसा काढायचा, एवढ्या गोष्टी मात्र पूर्णपणे तुमच्या हातात आहेत.

(गोड्या पाण्यातला त्रिकोणी एंजल हा निराळाच मासा. त्याचं इथे काही नाही.)

## टप्पा 1 : मासा घरी बसून ठरवा

काचेसमोर उभं राहून ठरवलंत तर रंग जिंकतो. म्हणून दुकानात जाण्याआधीच जात नक्की करा.

जेनिकँथस गट (लॅमार्क, वातानाबे, बेलस) : हे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव टिपून खातात, त्यामुळे कोरलांना यांच्यापासून सर्वांत कमी धोका. पण यांना पोहायला मोकळी लांबी लागते. लॅमार्क 20 सेंमीच्या वर जातो. 450 ते 500 लिटरच्या खाली यांचा विचार करू नका. यातल्या काही जाती खोल पाण्यातून पकडल्या जातात आणि घाईने वर आणल्या तर त्यांचा वाताशय बिघडतो. शेपूट वर, डोकं खाली अशा अवस्थेत धडपडणारा मासा दिसला तर तो घेऊ नका.

सेंट्रोपायगी, म्हणजे बुटके एंजल : घरच्या टँकसाठी बहुतेकांनी इथेच थांबावं. मोठे झाले तरी 10 ते 15 सेंमीच्या आत राहतात. कोरल ब्यूटी आणि फ्लेम हे त्यातल्या त्यात सभ्य. लेमनपील आणि बायकलर कोरलांवर जास्त चोच मारतात, शिवाय बायकलर खाण्याच्या बाबतीत हट्टी. 250 लिटर ही मी खालची मर्यादा धरतो. टँकमध्ये बुटका एंजल एकच ठेवा. दोन ठेवायचेच असतील तर आकारात स्पष्ट फरक असलेले, एकाच जातीचे, एकाच वेळी सोडा. हे सगळे मासे आधी मादी असतात आणि त्यातला वरचढ मासा पुढे नर होतो. बरोबरीचे दोन सोडलेत तर हे ठरवण्यासाठी मारामारी होणार.

पोमाकँथस, म्हणजे मोठे एंजल : कोरल असलेल्या घरच्या टँकमध्ये नको. निळ्या अंगावर पांढऱ्या रेघांचं बोटाएवढं पिल्लू फार गोड दिसतं. पण ते ब्लू रिंग असेल तर 45 सेंमीपर्यंत वाढतं, एंपरर असेल तर 40. वाढताना रंगही पूर्ण बदलतो, म्हणजे ज्या रूपासाठी पैसे दिले ते रूपही राहत नाही.

रीगल एंजल पहिला एंजल म्हणून घेऊ नका. तो बऱ्याचदा खायलाच तयार होत नाही.

## टप्पा 2 : कोरलांची यादी माशाआधी

भारतात राहणाऱ्यांसाठी पहिली चाळणी कायद्याची. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत सगळी दगडी कोरलं (स्क्लेरॅक्टिनिया), काळं कोरल, फायर कोरल, ऑर्गन पाइप कोरल आणि सी फॅन येतात. जिवंत असोत वा वाळलेली, किनाऱ्यावरून उचलू नका आणि ‘बेस रॉक’ म्हणून कुणी मृत कोरलाचे तुकडे विकत असेल तर घेऊ नका. खडकासाठी सिरॅमिक किंवा सिमेंटपासून बनवलेले तयार रॉक मिळतात. जीवाणू त्यांच्यावरही तितकेच वसतात.

म्हणून इथल्या टँकसाठी मऊ कोरलंच धरून चाला, तीही बिलासह घेतलेली. योगायोग असा की एंजलबरोबर टिकणारी कोरलंही बरीचशी यातच आहेत :

- लेदर (सार्कोफायटन, सिन्युलेरिया) आणि केनिया ट्री : चवीला कडू असावीत, एंजल सहसा लांब राहतो.
- मशरूम (डिस्कोसोमा) : साधारण सुरक्षित.
- ग्रीन स्टार पॉलिप : एखादी चोच पचवतं आणि परत पसरतं.
- झेनिया : काही एंजल आवडीने खातात. फुकट पसरत असेल तर ठेवा, पैसे मोजून घेऊ नका.
- झोअँथिड : धोक्याच्या यादीत. महागडे रंग एंजलच्या टँकमध्ये नकोत.

दुबई, लंडन किंवा न्यू जर्सीत टँक असलेल्यांना दगडी कोरलं दुकानात सहज मिळतात. त्यांनी एवढं पाहावं : मांसल, फुगीर जाती (लोबोफिलिया, ट्रॅकिफिलिया, स्कोलिमिया) आणि ट्रायडॅक्ना शिंपला एंजलच्या टँकमध्ये ठेवू नयेत. हॅमर आणि फ्रॉगस्पॉन त्यापेक्षा बरे. फांद्यांच्या, बारीक पॉलिपच्या (पॉलिप म्हणजे कोरलाचं एकेक तोंड) कोरलांवर चोच पडते, पण मोठी वसाहत असेल तर निभावतं. छोटे तुकडे निभावत नाहीत.

तपासा : यादीतलं प्रत्येक कोरल टँकमध्ये बसून, चिकटून, उघडून किमान दोन महिने झाले आहेत का? नव्याने लावलेलं, जखमी कोरल चिकट स्राव सोडतं आणि एंजलला पहिली चटक तिथूनच लागते. कोरल आधी, एंजल शेवटी.

## टप्पा 3 : टँक मुरू द्या

अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आले की सायकल (घाण पचवणारे जीवाणू टँकमध्ये वसण्याचा काळ) पूर्ण होते, साधारण चार ते सहा आठवड्यांत. बऱ्याच जणांना तिथे टँक तयार झाला असं वाटतं. क्लाउनफिशसाठी तो तयार असेलही, एंजलसाठी नाही. बुटका एंजल दिवसभर खडकावरचं शेवाळ, बारीक स्पंज आणि त्यातले किडे खरवडत असतो. नव्या टँकच्या खडकावर हे काहीच नसतं, मग तो जे आहे ते खातो, म्हणजे कोरल. सहा महिन्यांच्या आत एंजल नको. मागची काच आणि दोन-तीन खडक मुद्दाम न घासता हिरवे होऊ द्या.

पाण्याचे आकडे :

- तापमान 25 ते 26.5 अंश सेल्सिअस
- क्षारता (पाण्यातल्या मिठाचं प्रमाण) 35 पीपीटी (हजारात 35 भाग), म्हणजे विशिष्ट गुरुत्व सुमारे 1.026
- पीएच 8.1 ते 8.4
- अल्कलिनिटी (पीएच टिकवून धरण्याची पाण्याची क्षमता) 8 ते 9 डीकेएच
- नायट्रेट 5 ते 15 पीपीएम (दहा लाखात इतके भाग), फॉस्फेट 0.03 ते 0.1 पीपीएम

शेवटच्या दोन आकड्यांना शून्यावर नेण्याचा अट्टहास करू नका. अगदी ‘स्वच्छ’ पाण्यात मऊ कोरलंही आखडतात आणि खडकावर शेवाळ उरत नाही.

आता आपल्याकडच्या चुका. स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी चालत नाही. त्यात चवीसाठी क्षार परत मिसळलेले असतात आणि टीडीएस (विरघळलेले क्षार) 50-100 दाखवतो. आरओनंतर डीआय रेझिन (उरलेले क्षार धरून ठेवणारे दाणे) लावून टीडीएस शून्य आणा. जुहू-वर्सोव्याहून कॅनमध्ये समुद्राचं पाणी आणणारेही भेटतात. किनाऱ्यालगतच्या त्या पाण्यात सांडपाणी असतं आणि पावसाळ्यात क्षारता कोसळते. मीठ विकतचंच वापरा. रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजायचं साधन) 35 पीपीटीच्या प्रमाणित द्रावणाने लावून घ्या. साध्या पाण्याने शून्य जुळवलं की 35 ला चूक राहू शकते.

मुंबईच्या दमट हवेत पंख्याने पाणी फारसं थंड होत नाही. चिलरला पर्याय नाही. पुण्या-नागपुरात पंखा काम करतो, पण बाष्पीभवन वाढतं, म्हणून पाणी आपोआप भरणारी सोय हवी. लाईट गेली की पहिल्यांदा ऑक्सिजन संपतो, म्हणून बॅटरीवरचा एअर पंप हाताशी ठेवा.

सावधान : टँकवर जाळीचं झाकण हवंच. पहिल्या आठवड्यात घाबरलेला एंजल उडी मारतो.

## टप्पा 4 : क्वारंटाईन टँक (नव्या माशाला वेगळं ठेवायचा टँक), मासा घेण्याच्या महिनाभर आधी

सगळ्यात जास्त वगळला जाणारा टप्पा हाच. जागा नाही, खर्च नाही, मासा तर ठणठणीत दिसतोय, अशी कारणं असतात. एंजलच्या अंगावर फ्ल्यूक (त्वचेला आणि कल्ल्यांना चिकटणारे चपटे कृमी) फार वेळा असतात आणि ते दिसत नाहीत. व्हेल्व्हेट (अंगावर धुळीसारखा थर आणणारा परजीवी) आला तर काही दिवसांत टँकमधले सगळे मासे जातात.

लागतं फार थोडं : 80 ते 100 लिटरची साधी काच, स्पंज फिल्टर, हीटर, एअर पंप, पीव्हीसी पाइपचे दोन-चार एल्बो आणि झाकण. वाळू नको, खडक नको. दोन्ही कॉपर शोषून घेतात आणि औषधाचं प्रमाण कधीच स्थिर राहत नाही.

क्रम असा :

1. स्पंज मुख्य टँकच्या संपमध्ये (खालच्या फिल्टरच्या टाकीत) चार आठवडे बुडवून ठेवा.
2. मासा आणायच्या आदल्या दिवशी क्वारंटाईन टँक भरा, स्पंज हलवा, तापमान जुळवा.
3. दुकानदाराला त्याच्या पाण्याची क्षारता विचारा आणि क्वारंटाईनचं पाणी त्याच क्षारतेला आणा. पुष्कळ दुकानं ती मुद्दाम कमी ठेवतात. नंतर आठवडाभरात हळूहळू 35 पीपीटीला न्या.

तिसऱ्या पायरीचं महत्त्व पुढच्या टप्प्यात कळेल.

## टप्पा 5 : निवडणं आणि घरी आणणं

दुकानात समोर खायला घालायला सांगा. खाल्लं नाही तर घेऊ नका, कितीही स्वस्त असो. पाठीवरून बघा : डोक्यामागे खळगा पडलेला किंवा पोट आत गेलेलं नसावं. श्वास दोन्ही कल्ल्यांनी एकसारखा चालायला हवा. मासा खडकाला अंग घासत नसावा. आगाऊ पैसे देऊन आठवडाभर दुकानातच ठेवायला सांगता आलं तर उत्तम. प्रवासाने खचलेले मासे त्याच आठवड्यात कळतात.

सावधान : एंजलच्या गालावर काटा असतो आणि तो जाळीत अडकतो. ओढून सोडवला की गाल फाटतो. प्लास्टिकच्या डब्याने पकडायला सांगा, घरीही जाळी वापरू नका.

आता ठिबक पद्धत. पिशवी उघडून तासभर थेंब-थेंब पाणी सोडायची सवय अजून गेलेली नाही. कुर्ल्याहून पुण्यापर्यंत चार-पाच तास बंद असलेल्या पिशवीत अमोनिया साठतो, पण कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच खाली असल्याने तो फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. त्या पाण्यात मासा तासभर ठेवणं म्हणजे प्रवासात वाचलेल्याला दारात मारणं. क्षारता आधीच जुळवलेली असेल तर बंद पिशवी 15-20 मिनिटं तरंगवा, उघडा, मासा डब्याने उचलून लगेच सोडा. पिशवीचं पाणी फेकून द्या.

पहिला दिवस दिवा बंद, औषध काही नाही.

## टप्पा 6 : उपचार, एका वेळी एक

मासा खायला लागेपर्यंत औषध सुरू करू नका. दोन-तीन दिवसांत बहुतेक खातात. अडून बसलेल्याला ताज्या तिसऱ्या (खायचे शिंपले) उघडून, शिंपल्यासकट तळाला ठेवून बघा. मासळी बाजारात सहज मिळतात आणि दुसरं काही न खाणारे एंजल त्यावर चोच मारतात. उरलेलं दोन तासांत काढा.

पहिले कृमी. प्राझिक्वांटेल, लिटरला 2.5 मिलिग्रॅम, आणि पाच ते सात दिवसांनी पुन्हा. पहिल्या मात्रेतून सुटलेल्या अंड्यांतून निघालेल्यांसाठी दुसरी मात्रा असते, ती चुकवू नका. या काळात हवेचा पंप जोरात ठेवा. कुत्र्यांच्या जंताच्या गोळ्यांत प्राझिक्वांटेल असतं हे खरं, पण सोबत इतर औषधंही असतात. त्या टँकमध्ये टाकू नका.

फ्ल्यूकची शंका आली तर गोड्या पाण्याची पाच मिनिटांची आंघोळ हीच तपासणी. आरओचं पाणी, तापमान तेच, खायचा सोडा घालून पीएच 8.2 च्या आसपास आणलेला, हवा सोडलेली, भांडं गडद तळाचं. कृमी असतील तर पांढरे होऊन गळून तळाशी दिसतात. मासा आडवा पडून निपचित झाला तर लगेच बाहेर काढा.

नंतर कॉपर, पांढरे ठिपके आणि व्हेल्व्हेटसाठी. बुटके एंजल कॉपरला नाजूक असतात, म्हणून चिलेटेड (दुसऱ्या रेणूत बांधलेल्या कॉपरचा) प्रकार घ्या आणि पाच-सात दिवसांत हळूहळू 2 ते 2.5 पीपीएमला न्या. मग 30 दिवस तिथेच धरा. रंग जुळवायच्या स्वस्त किटवर इथे भागत नाही. हॅना कंपनीचा असतो तसा आकडा दाखवणारा कॉपर चेकर लागतो. दुसऱ्या प्रकारच्या, आयनिक कॉपरचं प्रमाण याच्या पाचव्या हिश्शाएवढं असतं. बाटलीवर कोणता प्रकार आहे ते न वाचता मात्रा मोजलीत तर मासा मरेल.

सावधान : कॉपर चालू असताना अमोनिया ‘बांधणारी’ द्रावणं टाकू नका. काही कॉपर औषधांबरोबर ती घातक ठरतात. अमोनिया दिसला तर पाणी बदला, आणि नव्या पाण्यात आधी तितकंच कॉपर मिसळा.

मासा खाणं सोडून कोपऱ्यात गेला तर मात्रा वाढवू नका. फिल्टरमधल्या ॲक्टिव्हेटेड कार्बनने कॉपर कमी करा, खायला लागू द्या, पुन्हा सावकाश चढा.

तपासा : मुख्य टँकमधले जुने मासे कधीच क्वारंटाईन झाले नसतील तर या सगळ्या कष्टांना अर्थ नाही. त्यांनाही बाहेर काढून उपचार करा आणि मुख्य टँक सुमारे अडीच महिने माशांविना चालवा. कोरलं तिथेच राहू द्या. मासा नसला की ठिपक्यांचा परजीवी उपाशी मरतो. क्वारंटाईनचा डबा, नळी किंवा ओला हात मुख्य टँकला लागू देऊ नका.

## टप्पा 7 : मुख्य टँकमध्ये, पिंजऱ्यातून

एंजल हा टँकमधला शेवटचा मासा. आधी आला तर पूर्ण टँक त्याची जहागीर होते आणि नंतर येणाऱ्या प्रत्येकाला ते भोगावं लागतं.

थेट सोडू नका. भोकं असलेला पारदर्शक ॲक्रिलिकचा डबा आतल्या बाजूला लटकवा आणि एंजल त्यात तीन ते सात दिवस ठेवा. टँग किंवा डॅमसेलसारखे जुने मासे डब्यावर धडका मारत असतील तर त्यांचा जोर ओसरेपर्यंत थांबा. याच डब्यात दिवसातून तीनदा खायला घाला. डबा म्हणजे खाणं हे माशाच्या डोक्यात बसलं की शेवटच्या टप्प्यात त्याचा मोठा उपयोग होतो.

सोडायच्या दिवशी दोन-चार खडक हलवा म्हणजे जुन्यांच्या हद्दी मोडतात. दिवे मालवल्यावर झाकण उघडा आणि त्याला आपणहून बाहेर पडू द्या.

## टप्पा 8 : पोट भरलेलं ठेवा, डोळे उघडे ठेवा

दिवसातून एकदा भरपूर खाणं एंजलला पुरत नाही. तीन-चार वेळा थोडं-थोडं द्या. सकाळी क्लिपला नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा) तुकडा. सुपरमार्केटमधली सुशीची नोरी चालते, फक्त तेल-मीठ-मसाला नसलेली घ्या. दुपारी स्पिरुलिना असलेले दाणे, संध्याकाळी गोठवलेलं मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव), आणि आठवड्यातून दोन-तीनदा स्पंज मिसळलेलं ‘एंजल फॉर्म्युला’. ऑफिसला जाणाऱ्यांनी दुपारच्या दाण्यांसाठी ऑटो फीडर लावावा. एवढ्या खाण्याने नायट्रेट चढणारच, म्हणून स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) टँकच्या मानाने मोठा घ्या.

पहिले दोन महिने दिवे लागल्यानंतरची पंधरा मिनिटं लांब बसून बघा. काचेला नाक लावलंत तर मासा तुमच्याकडे येईल, कोरलाकडे जाणार नाही. काय बघायचं :

- कोरलाच्या बुडाशी, खडकावर चोच मारतो आणि पॉलिप उघडेच राहतात : शेवाळ खातोय, ठीक.
- जाता-जाता एक चोच, पॉलिप मिटतात आणि दहा मिनिटांत उघडतात : लक्ष ठेवा, एक खाणं वाढवा.
- त्याच कोरलाकडे परत-परत येतो, दिवसभर ते मिटलेलं, कडा फाटलेल्या : चटक लागली. खाणं वाढवून क्वचितच सुटते.

कोरल मिटलं की लगेच एंजलला दोष देऊ नका. आधी अल्कलिनिटी आणि क्षारता मोजा. लेदर कोरल तर कात टाकताना आठवडाभर मिटूनच असतं.

## टप्पा 9 : बाहेर काढायची वेळ आली तर

रात्री टॉर्च घेऊन जाळीने पाठलाग करू नका. खडक कोसळतात, कोरलं फाटतात आणि मासा तसाही सापडत नाही. टप्पा 7 मधला डबा पुन्हा लटकवा, दाराला दोरी बांधा, आणि दोन-तीन दिवस फक्त डब्यातच खायला घाला, दार उघडं ठेवून. मासा बिनधास्त आत-बाहेर करायला लागला की दोरी ओढा.

मासा कुठे जाणार हे आधीच ठरलेलं असू द्या : फक्त माशांचा टँक असलेला ओळखीचा कुणी, किंवा परत घ्यायला तयार असलेलं दुकान. ही बोलणी मासा विकत घ्यायच्या दिवशीच करून ठेवा. तोपर्यंत क्वारंटाईनची काच मोडीत काढू नका, स्पंज संपमध्येच राहू द्या.